फ्रीसोइंगवर साडीचा ब्लाउज: आठ महिन्यांनंतर माझ्या सेटिंग्ज

मापं बरोबर घेतली की पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागदी साचा, बरोबर येणारच, असं मी धरून चालले होते. मापं पहिल्या दिवसापासून बरोबर होती. ब्लाउज मात्र चौथ्या खेपेला अंगावर बसला, आणि मधल्या दोन खेपांत मी फक्त सेटिंग्ज बदलल्या होत्या. आठ महिन्यांत अकरा ब्लाउज झाले, त्यातले चार वहिनींचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्रीसोइंग हा बेल्जियमच्या योस्ट डी कॉक यांनी सुरू केलेला मुक्त प्रकल्प आहे, संकेतस्थळावर चालतो. पैसे लागत नाहीत. आपली मापं भरायची, डिझाइन निवडायचं, आणि त्या मापांवरून पॅटर्न आखून मिळतो. डिझाइन्सना माणसांची नावं आहेत. मी वापरते ते 'बेला', म्हणजे बायकांच्या वरच्या अंगाचा मूळ साचा. तो कमरेपर्यंत येतो आणि त्याला बाही नसते. तयार साडी-ब्लाउज तिथे मिळेल या अपेक्षेने जाऊ नका, बेलावरून तो आपणच बेतायचा असतो.

मापांत दोन ठिकाणी अडायला होतं. एक म्हणजे छातीच्या वरचं, काखेतून जाणारं माप. आपल्याकडे पुष्कळदा एकच छाती मोजतात, इथे दोन्ही लागतात. दुसरं खांद्याच्या उताराचं, ते चक्क अंशांत द्यायचं. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप खांद्यावर टेकवून कुणाकडून तरी वाचून घ्या. माझा उजवा खांदा जास्त उतरता आहे हे मला तेव्हा कळलं. शिवाय सगळं सेंटीमीटरमध्येच मोजा. मी आधी इंचांत मोजून मग बदलत होते, त्यात अर्धे-पाव सुटत होते.

आता लूजिंग, म्हणजे अंगाच्या मापावर ठेवायची सैल जागा. ते इथे इंचांत नसून टक्क्यांत असतं, आणि सवय व्हायला मला महिना लागला. माझी छाती ९२ सेंमी. ५ टक्के म्हणजे ४.६ सेंमी, पावणेदोन इंचांच्या आसपास. वहिनींची १०४, त्यांना त्याच ५ टक्क्यांत ५.२ मिळतात. पहिल्या खेपेला मी तिथे दिलेला आकडा तसाच ठेवला आणि मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज, म्हणजे नुसता बसतो का ते बघायचा, शिवला. कुर्त्याखाली शोभला असता, पण साडीवर पाठीत झोल दिसत होता. ५ टक्क्यांवर तो गेला. कमरेच्या लूजिंगशी मी आता खेळतही नाही, कारण आपला ब्लाउज कमरेपर्यंत जातच नाही. खांद्यापासून १४ इंचांवर आडवी रेघ मारते, टक्स (आकार द्यायला घातलेल्या चिमट्या) वगळून त्या रेघेची लांबी मोजते, आणि छातीखालच्या मापाशी ताडून जास्तीचं टक्समध्ये दाबते. हे काम हातानेच करावं लागतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मुंढ्याने, म्हणजे बाही जोडतो त्या काखेभोवतीच्या कापाने. दुसऱ्या कच्च्या ब्लाउजात हात वर केला की अख्खा ब्लाउज वर सरकायचा. मला वाटलं मुंढा घट्ट आहे, म्हणून त्याची खोली वाढवली. आणखी बिघडलं! मुंढा जितका खाली, तितकी हाताबरोबर बाजूची शिवण वर ओढली जाते. खोली कमी केली, मुंढा काखेजवळ आणला, तेव्हा वरच्या फळीवरचा डबा काढतानाही ब्लाउज जागचा हलेना. त्या दिवशी मी एकाच वेळी लूजिंग आणि मुंढा दोन्ही बदलले असते, तर कशाने काय झालं हे कधीच कळलं नसतं. तेव्हापासून एका कच्च्या ब्लाउजाला एकच बदल, आणि वहीत तारखेसह आकडा.

शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं जास्तीचं कापड, मी शून्यावर ठेवते. आकडा भरला तर सगळ्या बाजूंना सारखी माया येते, पण साडीच्या ब्लाउजाला बाजूला भरपूर हवी, उद्या सैल करायला लागला तर. मी खडूने बाजूंना ४ सेंमी, खांद्याला दीड, मुंढ्याला आणि गळ्याला १ सेंमी अशी स्वतः आखते.

या मायेनेच वहिनींचा खणाचा ब्लाउज वाचवला. पॅटर्नची पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली होती. तिथे 'फिट टू पेज' चालू होतं, आणि पॅटर्नवर मोजून बघायला दिलेला चौकोन मी मोजला नाही. घरी मोजला तर १० सेंमीची बाजू ९.७ भरली. ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण लूजिंग धरून झालेल्या १०९ सेंमीच्या घेरात ते सव्वातीन सेंमी होतात, म्हणजे लूजिंगमधलं निम्म्याहून जास्त गेलं. तोवर कापड कापून झालं होतं. बाजू उसवून माया सोडली, मुंढा मात्र आजही त्यांना किंचित काचतो. त्या बोलत नाहीत, पण मला दिसतं. छापताना 'अ‍ॅक्चुअल साइज', म्हणजे १०० टक्के, आणि पहिलं पान हातात आल्यावर पट्टी लावल्याशिवाय पुढचं पान छापू देऊ नका.

आता मी फारसं छापतही नाही. 'पेपरलेस' सेटिंग चालू केली की पॅटर्नवर जाळी आणि प्रत्येक अंतराचे आकडे येतात. ते बघून खाकी कागदावर आखायला अर्धा-पाऊण तास लागतो, पण पानं चिकटवायची कटकट नाही आणि आकार हातात बसतो. छापायचंच असेल तर हवे तेवढेच भाग निवडता येतात. पाठ जमली असेल तर फक्त पुढचा भाग काढा.

बाही अजून मी जुन्या पद्धतीने, मुंढा टेपने मोजून आखते. कोपरापर्यंतच्या घट्ट बाहीला दर वेळी पुढच्या बाजूला एक चुणी राहते. मुंढ्याच्या पुढच्या वळणाची वेगळी सेटिंग आहे, पुढचा कच्चा ब्लाउज फक्त तिच्यासाठी शिवणार आहे. मांजरपाट आणून ठेवलंय.