साधं पेट्रोल की १०० ऑक्टेन?

भावा, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हं, दाबाखाली पेट्रोल स्पार्कशिवाय आपोआप पेटू नये त्याचा आकडा हाय तो. साध्याचा ९१ होता, आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळं ९५ झालाय, आपल्याच उसा-मक्याचं इथेनॉल की ते, फक्त ॲव्हरेज जरा पडतंय. माझ्या जुन्या हॅचबॅकला दोन टाक्या १०० चं घालून गगनबावड्याला जाऊन आलो, घाटात काडीचा फरक नाही, खिसा तेवढा हलका झाला. पण मेव्हण्याची टर्बो गाडी (जास्त दाबाचं इंजिन) वेगळी, टाकीच्या झाकणाआत ९८ छापलेलं (हे कुणी बघतच नाही राव), साध्यावर चढाला तिसऱ्या गिअरमध्ये टकटक करायची (पेट्रोल आपोआप पेटल्याचा आवाज), १०० टाकल्यावर गप्प.