फिजिक्स, केमिस्ट्री की जिऑलॉजी? नागपुरात बीएस्सीचा मेजर निवडताना

इंजिनिअरिंगला जायचं नाही हे घरी पटवून झालं, की पुढचा प्रश्न मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा. ‘आवड बघ’ हा सल्ला सगळेच देतात. बारावीपर्यंतची आवड ही पुष्कळदा विषयाची कमी आणि शिकवणाऱ्या सरांची जास्त असते. म्हणून मी उलटं विचारेन: कोणत्या विषयातलं कंटाळवाणं काम तुम्ही कुरकुर न करता कराल?

फिजिक्सचं कंटाळवाणं काम म्हणजे गणित. प्रयोगापेक्षा वही जास्त भरते, आणि क्वांटम मेकॅनिक्सला पोचेपर्यंत डिफरन्शियल इक्वेशन्स हाताला बसलेली लागतात. प्रॅक्टिकलही चिवटपणाच मागतं. न्यूटन्स रिंग्जचंच घ्या, म्हणजे भिंग आणि काचेमध्ये दिसणाऱ्या प्रकाशाच्या वलयांचा प्रयोग. सोडियमचा दिवा आधी गुलाबीसर पेटतो, तापला की पिवळा होतो. मग मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून क्रॉसवायर एकेका काळ्या वलयाला टेकवत रीडिंग घ्यायचं. मध्येच वलय हुकलं म्हणून स्क्रू उलटा फिरवला, की बॅकलॅश एरर (स्क्रूच्या ढिलेपणामुळे रीडिंगमध्ये येणारी चूक) आलीच. सगळं पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी चीड न येता ‘बघतोच आता’ असं वाटणाऱ्यानं खुशाल फिजिक्स घ्यावं. बारावीला गणित नकोसं झालेल्यानं घेऊ नये. ब्लॅक होलचे व्हिडिओ आवडणं वेगळं.

केमिस्ट्रीत तासन्‌तास उभं राहायचं, ब्युरेटच्या शेवटच्या थेंबावर नजर ठेवायची आणि काचेची भांडी घासायची. नुसत्या बीएस्सीवर कमवायला लागणं भाग असेल, तर तिघांत मी केमिस्ट्रीच सुचवेन. बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट लागतो. नुसता फिजिक्सवाला तिथे काय करणार? संशोधनाकडे वळायचं तर 1958 पासूनची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथेच आहे.

जिऑलॉजीला नातेवाईक ‘दगडधोंड्यांचा विषय’ म्हणतात, आणि नेमकं नागपुरात असं म्हणणं म्हणजे कमालच आहे. शहर दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व कडेवर बसलंय. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, उमरेड-कामठीकडे गोंडवाना खडकांतला कोळसा, मनसरला मँगनीज. इतके वेगवेगळे खडक एका दिवसाच्या सहलीत बघायला मिळणं पुण्या-मुंबईच्या मुलांच्या नशिबी नाही. ज्यांच्या नावानं 1883 मध्ये हिस्लॉप कॉलेज निघालं, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि याच परिसरातले जीवाश्म गोळा करत. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज), तिघांचीही मुख्यालयं नागपुरात आहेत. पण बीएस्सीवर थांबलात तर फारसं हाती लागत नाही, एमएस्सी धरूनच चाला. उन्हात हातोडी, होकायंत्र आणि वही घेऊन दिवसभर चालायचीही तयारी हवी. विषय मोजक्याच कॉलेजांत असतो, त्यामुळे चौकशी आधी करा.

निवड चुकली तर सगळंच संपलं, असं नाही. यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेत भूवैज्ञानिकाबरोबर जिओफिजिसिस्ट आणि केमिस्टचीही पदं असतात. जिओफिजिसिस्टसाठी फिजिक्सची एमएस्सी चालते. एमएस्सीला बाहेर आयआयटीत जायचं, किंवा इथल्याच व्हीएनआयटीला फिजिक्स-केमिस्ट्री करायचं, तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीन तासांत साठ प्रश्न. विद्यापीठाच्या पेपरासाठी पाठ केलेली डेरिव्हेशन्स तिथे कामाला येत नाहीत, म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच प्रॉब्लेम सोडवायला घ्या.

कॉलेजच्या नावावर फार जाऊ नका. विज्ञान संस्था 1906 ची, शिवाजी सायन्स, धरमपेठ सायन्स ही नावं तर सगळ्यांच्या तोंडी असतात. जमलं तर प्रॅक्टिकलच्या वारी एक चक्कर मारा. एका उपकरणाभोवती किती पोरं उभी आहेत आणि रीडिंग खरंच घेताहेत की जुन्या जर्नलमधून उतरवताहेत, हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

मायनरचं, म्हणजे जोडविषयाचं म्हणाल, तर फिजिक्सबरोबर गणितच घ्या, दुसरं काही नको. जिऑलॉजीला केमिस्ट्री चांगली जुळते.