ध्वनिजाणीव: केवळ कानाने की अक्षरांसोबत?

लहान मुलाला शब्द अखंड ऐकू येतो. ‘मासा’ या शब्दात म्, आ, स्, आ असे चार ध्वनी आहेत, हे त्याला शिकवल्याशिवाय सहसा उमगत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना शब्दाचे उच्चारखंड (‘मा-सा’ असे तुकडे) पाडता आले, मात्र सुटे ध्वनी एकालाही वेगळे करता आले नाहीत. शब्दातले सुटे ध्वनी ओळखण्याची ही जाण, म्हणजेच ध्वनिजाणीव, मुलाला कशी द्यावी, याचे दोन मार्ग पालक आणि शिक्षकांपुढे असतात.

पहिला मार्ग निव्वळ तोंडी खेळांचा आहे. ‘मासा, माठ, नळ’ यांत सुरुवातीला वेगळा आवाज कोणत्या शब्दाचा, किंवा ‘पाठ’मधला प् काढला तर काय उरते, असे प्रश्न विचारता येतात. याला साहित्य लागत नाही आणि अक्षरओळख नसलेले मूलही त्यात रमते. अडचण अशी, की ध्वनी उच्चारताक्षणी विरतो आणि तीन-चार ध्वनी क्रमाने लक्षात ठेवण्याचा सारा भार स्मरणशक्तीवर पडतो.

दुसऱ्या मार्गात ध्वनीला दिसणारी खूण मिळते. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने 2000 साली 52 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अक्षरांसह दिलेल्या शिक्षणाचा परिणाम अक्षरांविना दिलेल्या शिक्षणापेक्षा अधिक आढळला. शिवाय लहान गट, एका वेळी एक-दोनच कौशल्ये आणि एकूण 5 ते 18 तासांचा सराव अधिक फलदायी ठरला. महिनोन्‌महिने केवळ तोंडी खेळ लांबवण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत त्यावरूनच झाले आहे.

तरीही हा निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावताना थांबून विचार करावा लागतो, कारण देवनागरी अक्षर हे एका ध्वनीचे चिन्ह नव्हे. ‘घ’ या अक्षरात घ् आणि अ दोन्ही सामावलेले असतात. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे दिसतात, बोलताना मात्र घ्, अ, र् असे तीन ध्वनी एकाच खंडात येतात, कारण अंत्य अ उच्चारला जात नाही. त्यामुळे नुसते अक्षर दाखवून व्यंजन आणि स्वर वेगळे आहेत हे मुलाला कळेलच असे नाही. येथे रशियन मानसशास्त्रज्ञ दानिइल एल्कोनिन यांच्या चौकटी फार उपयोगी पडतात: प्रत्येक ध्वनीसाठी एक चौकोन आखायचा आणि शब्द सावकाश म्हणत प्रत्येक ध्वनीबरोबर एक सोंगटी पुढे सरकवायची.

म्हणून निवड करायची झाल्यास मी दोन आठवडे तोंडी खेळ, त्यानंतर सोंगट्या आणि लगेच काना-मात्रांसह अक्षरे असा क्रम सुचवेन. सुरुवात म्, स्, न्, ल् अशा लांबवता येणाऱ्या ध्वनींनी करावी. क् किंवा ट् लांबवता येत नाहीत, आणि ते सुटे म्हणताना मागे अ चिकटतोच, जो मुलाला ध्वनीचाच भाग वाटू लागतो.