तालीम की प्रयोग? बॅले रेखाटायला कुठे बसावं

बॅले रेखाटायचं ठरवलं की वही कोणती घ्यावी यापेक्षा बसावं कुठे, हे आधी ठरवावं लागतं. प्रयोगाला तिकीट काढलं की झालं. तालमीला मात्र कुणीतरी आत घ्यावं लागतं. बॅले नर्तकींच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला चित्रकार देगा, खुद्द त्यालाही पॅरिसमध्ये हे चुकलं नाही. नृत्याच्या परीक्षेला आत सोडावं म्हणून त्याने एका परिचिताला चिठ्ठी लिहिली, आणि असल्या परीक्षा न पाहताच आपण किती रंगवल्या याची थोडी लाज वाटते, हेही त्यात कबूल केलं!

तरी माझं मत तालमीलाच, कारण तिथे हालचाल परत येते. बारपाशी, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्यापाशी, केलेला व्यायाम एका बाजूने झाला की नर्तक वळून दुसऱ्या बाजूने करतात. म्हणून एका पानावर चार-पाच आकृत्या अर्धवट सोडायच्या, आणि ती पोझ पुन्हा आली की तिथून पुढे न्यायच्या. प्लिए, म्हणजे गुडघे वाकवण्याची हालचाल, संथ असतं, तिथे हात बसतो. उड्या शेवटी येतात, तोवर डोळा तयार झालेला असतो. शिवाय मधल्या वेळेत कुणी भिंतीला टेकून घोटा चोळतं, कुणी बुटाची फीत बांधतं. माझ्या वहीतली बरी चित्रं बहुतेक याच वेळेतली आहेत. इंग्रज चित्रकार लॉरा नाइटला 1919 साली लंडनमध्ये द्यागिलेवच्या रशियन बॅले कंपनीत आतून चित्रं काढायची मुभा मिळाली, तेव्हा तीही बॅलेशिक्षक चेकेत्तींच्या वर्गात जाऊन बसायची. एकच अडचण: लोकरी पायमोजे आणि ढगळ कपडे यांत गुडघा नेमका कुठे आहे ते कळत नाही.

प्रयोगात पोशाख, प्रकाश, संगीत सगळं मिळतं, फक्त स्वतःचा कागद दिसत नाही. मोबाइल उजळायचा नाही. रेघ अंदाजाने जाते, आकृतीवर आकृती चढते. पण अशी चित्रं कमी लेखू नका. 1913 साली पॅरिसमध्ये निजिन्स्कीने रचलेलं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ हे बॅले चालू असताना चित्रकार व्हालेंतीन ग्रॉसने भराभर स्केचेस केली. मूळ नृत्यरचना पुढे हरवली, आणि 1987 साली अमेरिकेत ती पुन्हा उभी करताना ही स्केचेस कामी आली.

मनुष्याकृतीवर हात अजून बसला नसेल तर तालीम मिळेपर्यंत खटपट करा, एखाद्या बॅले क्लासच्या शिक्षिकेला विचारा. हात बसला असेल तर प्रयोग, आणि जमल्यास तोच प्रयोग दोनदा. सुरुवातीला ‘स्वान लेक’ सोयीचं: मुख्य जोडी नाचत असताना हंसिणींची रांग कडेला बराच वेळ स्थिर उभी असते. महागड्या पुढच्या रांगेपेक्षा बाल्कनी घ्या, वरून रांगांची नक्षी दिसते. वही हाताएवढी, पेन्सिल 6बी. कोळसा नको, शेजाऱ्याच्या कपड्यांना लागतो. आणि पेन्सिली घरूनच तासून न्या, संथ प्रवेशात शार्पनरचा आवाज तीन रांगांपर्यंत जातो.