सॅमसंग ८७० ईव्हो: छोट्या कार्यालयासाठी सेल्फ एन्क्रिप्टिंग एसएसडी

सॅमसंगचा ८७० ईव्हो हा अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्याच जोडणीत बसणारा पण चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह, २०२१ च्या जानेवारीत बाजारात आला. नाशिकमधील ज्या छोट्या कार्यालयांच्या संगणकांची देखभाल मी करते, त्यांच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये आणि लॅपटॉपमध्ये तो आजही बसवला जातो. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवला की टॅली आणि एक्सेल झटपट उघडतात, म्हणून लोक तो घेतात, आणि त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. वाचनाचा कमाल वेग सेकंदाला ५६० मेगाबाइट, लेखनाचा ५३०, आणि एक टेराबाइटच्या ड्राइव्हला पाच वर्षे किंवा ६०० टेराबाइट लेखन यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेवढी वॉरंटी, हे आकडे दुकानात कोणीही सांगतो. माझ्या मते या ड्राइव्हचा सर्वांत मोलाचा गुण मात्र डेटाशीटच्या तळाशी एका ओळीत छापलेला असतो आणि तो फारसा कोणी वाचत नाही: २५६ बिटांचे एईएस एन्क्रिप्शन, टीसीजी ओपल आणि आयईईई १६६७. एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात डेटा बदलणे, एईएस ही त्याची एक पद्धत, आणि पुढची दोन नावे ते कुलूप संगणकाकडून चालवण्याच्या मानकांची. या परीक्षणाचा विषय ती ओळ आहे.

अशा ड्राइव्हला सेल्फ एन्क्रिप्टिंग ड्राइव्ह म्हणतात. त्याच्या कंट्रोलर चिपमध्येच एन्क्रिप्शनचे स्वतंत्र सर्किट असते. संगणकाकडून आलेला प्रत्येक बाइट फ्लॅश मेमरीत लिहिला जाण्याआधी तिथे एन्क्रिप्ट होतो आणि वाचताना तिथेच उलगडला जातो. त्यासाठी लागणारी किल्ली ड्राइव्हच्या आतच तयार होते आणि ती बाहेर येत नाही. आपण जो पासवर्ड ठेवतो, त्याने डेटा एन्क्रिप्ट होत नसून ही आतली किल्ली बंदिस्त होते. म्हणूनच पासवर्ड बदलला तरी एक टेराबाइट डेटा पुन्हा लिहावा लागत नाही. यातून निघणारा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. पासवर्ड ठेवलाच नसेल, तर ड्राइव्ह विजेचा प्रवाह मिळताच स्वतःहून उघडतो आणि समोर कोण आहे याची विचारपूस करत नाही. तिजोरी भक्कम असूनही किल्ली दारालाच लटकत राहावी, तशी ही अवस्था आहे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक कार्यालयांत हे ड्राइव्ह याच अवस्थेत चालू आहेत.

या तंत्राचा बाजार वाढला तो याच विचित्र पद्धतीने. सीगेटने लॅपटॉपसाठी स्वतःच एन्क्रिप्ट करणारी हार्डडिस्क २००५ मध्ये जाहीर केली, तेव्हा ती वेगळी मागवावी लागणारी वस्तू होती. ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुप (टीसीजी) या गटाने २००९ मध्ये ओपल हे समान मानक प्रसिद्ध केले, २०१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ ने अशा ड्राइव्हला बिटलॉकर या विंडोजच्याच एन्क्रिप्शन प्रोग्राममधून थेट चालवण्याची सोय दिली. एईएसचे सर्किट एकदा कंट्रोलरमध्ये बसले की त्याचा वेगळा खर्च जवळजवळ उरत नाही, त्यामुळे वरच्या आणि मधल्या दर्जाच्या एसएसडीमध्ये ते सरसकट येऊ लागले. विकल्या गेलेल्या ड्राइव्हच्या संख्येवरून एन्क्रिप्शनचा प्रसार मोजणे मला त्यामुळे पटत नाही. महात्मा गांधी रोडवरील दुकानांत मी वेगवेगळ्या वेळी ‘यात ओपल आहे का’ असे विचारून पाहिले आहे. विक्रेते क्षमता, वेग आणि वॉरंटी यांविषयी नेमके बोलतात. ओपलचे नाव काढले की मोबाइलवर शोधायला लागतात. दोष त्यांचा नाही, कारण गिऱ्हाईक ते विचारतच नाही.

वास्तविक नाशिकमध्ये याची गरज असलेली कार्यालये गल्लोगल्ली आहेत. शरणपूर रोडच्या एखाद्या करसल्लागाराच्या संगणकात शेकडो कुटुंबांचे पॅन, आधार, बँक खात्यांचे उतारे आणि फॉर्म १६ असतात, आणि पुष्कळदा सर्व पोर्टलचे पासवर्ड एकाच एक्सेल फाइलमध्ये ओळीने मांडलेले असतात. अंबड आणि सातपूरच्या टूलरूममध्ये वाहन कंपन्यांची ड्रॉइंग्ज असतात. ती त्या टूलरूमच्या मालकीची नसतात, विश्वासाने दिलेली असतात. अशा कारखान्यांत ग्राहक कंपनीच्या ऑडिटच्या प्रश्नावलीत ‘लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेले आहेत का’ हा प्रश्न आता येतो, आणि माझ्या अनुभवात या विषयाची पहिली विचारणा बहुतेक वेळा त्या प्रश्नामुळेच होते.

चोरीपेक्षाही एक साधा प्रसंग या ड्राइव्हचे महत्त्व अधिक स्पष्ट करतो. गंगापूर रोडवरील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत एक एसएसडी वॉरंटीच्या मुदतीतच बंद पडला. बदली ड्राइव्ह मिळणार होता, पण त्यासाठी बंद पडलेला ड्राइव्ह कुरिअरने सर्व्हिस सेंटरला पाठवणे भाग होते, आणि त्यात रुग्णांचे अहवाल नावानिशी होते. बंद पडलेला ड्राइव्ह पुसता येत नाही. संगणक त्याला ओळखतच नसेल तर पुसणार कसे? दुरुस्त करणाऱ्याला मात्र तो कदाचित चालू करता येतो. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी विचार करून तो ड्राइव्ह कपाटात ठेवला आणि पदरचे पैसे घालून नवा घेतला. तो निर्णय मला योग्यच वाटला. पण सुरुवातीलाच पासवर्डाने कुलूपबंद केलेला असता, तर तोच ड्राइव्ह निर्धास्तपणे पाठवता आला असता. मोठ्या डेटा सेंटरनी असे ड्राइव्ह आधी स्वीकारले त्यामागे हे एक ठोस कारण आहे: तिथे ड्राइव्ह सतत बिघडतात आणि सतत परत पाठवावे लागतात.

आता ८७० ईव्होवर हे एन्क्रिप्शन प्रत्यक्ष चालू करण्याविषयी. तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्राममधील, हार्डडिस्क पासवर्डचा. व्यावसायिक वर्गाच्या लॅपटॉपमध्ये ही सोय असते, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बहुधा नसते. दुसरा ओपलचा: यात संगणक सुरू होताच विंडोजच्या आधी पासवर्ड विचारणारा छोटा पडदा येतो, आणि त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी सेडयुटिल हे मोफत साधन आहे आणि क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या एन्क्रिप्शन साधनातही जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या २.७ आवृत्तीपासून ओपलचा आधार मिळाला आहे. तिसरा मार्ग बिटलॉकरकडून हार्डवेअर एन्क्रिप्शन वापरून घेण्याचा. तो दिसायला सोपा आणि करायला किचकट आहे. सॅमसंग मॅजिशियन या प्रोग्राममध्ये ‘एन्क्रिप्टेड ड्राइव्ह’ हा पर्याय आधी ‘रेडी टू एनेबल’ या स्थितीत न्यावा लागतो, मग ड्राइव्ह सिक्युअर इरेज करावा म्हणजे पूर्ण पुसावा लागतो, मग यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) वापरून विंडोज प्रो नव्याने टाकावे लागते, विंडोजच्या ग्रुप पॉलिसी या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्क्रिप्शनला परवानगी द्यावी लागते आणि त्यानंतर बिटलॉकर चालू करावा लागतो. क्रम चुकला तर बिटलॉकर काहीही न सांगता सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन लावतो. खात्री करण्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर मॅनेज-बीडीईची स्टेटस आज्ञा द्यावी आणि एन्क्रिप्शनच्या पद्धतीपुढे ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ असे लिहिलेले दिसते का, ते डोळ्यांनी पाहावे. सगळे जमून आले की बिटलॉकर क्षणात पूर्ण होतो, कारण डेटा आधीपासून एन्क्रिप्ट केलेलाच असतो. ही प्रक्रिया आधीच चालू असलेल्या संगणकावर करता येत नाही, आणि छोट्या कार्यालयांनी ती टाळण्याचे हे मुख्य कारण असावे.

या तंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवावा का, याचे उत्तर देताना २०१८ चा नोव्हेंबर विसरता येणार नाही. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाचे कार्लो मेयर आणि बर्नार्ड फान गास्टेल यांनी क्रुशियल आणि सॅमसंगचे काही ड्राइव्ह उघडून तपासले, आणि त्यांतील काहींमध्ये पासवर्ड व आतली किल्ली यांचा एकमेकांशी गणिती संबंधच नसल्याचे दाखवून दिले. ड्राइव्हच्या फर्मवेअरमधील, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममधील, पडताळणी बदलली की पासवर्डाशिवाय डेटा मिळत होता. सॅमसंगच्या ८४० ईव्होत वेगळाच दोष निघाला: पासवर्ड लावण्याआधीची उघडी किल्ली फ्लॅशमध्ये जुन्या जागी शिल्लक राहू शकत होती. ८५० ईव्होमध्ये बायोस पासवर्डच्या मार्गावर काही परिस्थितीत धोका आढळला, ओपलच्या मार्गावर मात्र त्यांना दोष सापडला नाही. त्या काळी अशा ड्राइव्हवर बिटलॉकर स्वतःचे काम थांबवून सगळी भिस्त ड्राइव्हवर टाकत असे, त्यामुळे ही बातमी गंभीर होती. मायक्रोसॉफ्टने लगेच सूचनापत्र काढले आणि सप्टेंबर २०१९ च्या अपडेटपासून नव्याने एन्क्रिप्ट होणाऱ्या ड्राइव्हसाठी सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन हाच मूळ पर्याय केला. ८७० ईव्हो त्या अभ्यासानंतरचा असल्याने त्या तपासणीत नव्हता. तरीही हार्डवेअरच्या आतले काम ग्राहकाला पाहता येत नाही ही अडचण कायम आहे, आणि संवेदनशील माहिती असलेल्या माझ्या ग्राहकांना मी ती स्पष्टपणे सांगते.

मग सॉफ्टवेअर बिटलॉकरच का लावू नये? साटा ड्राइव्हवर तसे करण्यास माझी काहीच हरकत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१० पासून एईएससाठी खास आज्ञा येऊ लागल्या, आणि ५६० मेगाबाइटांच्या मर्यादेत कार्यालयीन कामात फरक जाणवत नाही. साटापेक्षा वेगळ्या जोडणीच्या, अतिवेगवान एनव्हीएमई ड्राइव्हवर मात्र चित्र बदलते. टॉम्स हार्डवेअरने २०२३ मध्ये सॅमसंग ९९० प्रो घेऊन केलेल्या चाचण्यांत सॉफ्टवेअर बिटलॉकरमुळे काही कामांत वेग ४५ टक्क्यांपर्यंत घटल्याचे दिसले. म्हणजे साध्या कार्यालयाला हार्डवेअर एन्क्रिप्शनची गरज वेगासाठी नाही, आणि हे मान्य करूनही मी ८७० ईव्होसारखाच ड्राइव्ह घ्यायला सांगते, त्याचे कारण पुसण्याच्या सोयीत आहे.

ड्राइव्हच्या लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक बारीक छापलेला असतो. पासवर्ड हरवला, ओपलचे कुलूप कोणी लावून ठेवले किंवा कार्यालय सोडून गेलेल्या माणसाने लॅपटॉप बंदिस्त अवस्थेत दिला, तर हा क्रमांक टाकून ड्राइव्ह कारखान्यातून आल्यासारखा करता येतो. त्या क्रियेत आतली किल्ली नष्ट होऊन नवी तयार होते आणि जुना सगळा डेटा काही क्षणांत निरर्थक होतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या डेटा नष्ट करण्याविषयीच्या मार्गदर्शिकेत किल्ली नष्ट करण्याची ही पद्धत मान्य पद्धतींमध्ये धरलेली आहे. याउलट एसएसडीवर शून्ये लिहून तो पुसायला वेळ जातोच, शिवाय ड्राइव्हने राखीव ठेवलेल्या जागेतले तुकडे त्यातून सुटू शकतात. जुने लॅपटॉप विकताना ‘फॉरमॅट मारून’ देण्याची आपल्याकडची रीत पाहता, ही सोय मला या ड्राइव्हच्या किमतीतला सर्वांत सार्थ भाग वाटते. मात्र लॅपटॉपच्या पोटात ड्राइव्ह बसल्यावर ते लेबल दिसत नाही, म्हणून स्क्रू आवळण्याआधी लेबलचे स्वच्छ छायाचित्र काढून ते यंत्राच्या क्रमांकासह जपून ठेवणे हा माझा नियम आहे. क्रमांकातील शून्य आणि ओ यांत गफलत होते, तेही त्याच वेळी तपासून घ्यावे.

दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत, आणि त्या या जातीच्या सर्वच ड्राइव्हना लागू आहेत. संगणक झोपेच्या स्थितीतून जागा झाला की ड्राइव्हचे कुलूप बहुधा पुन्हा पासवर्ड न विचारताच उघडले जाते. डॅनियल बोटेआनू आणि केव्ही फाउलर यांनी २०१५ मध्ये ब्लॅक हॅट युरोप परिषदेत याच स्थितीचा फायदा घेऊन डेटा काढून दाखवला होता. झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत टाकण्याची सवय असणाऱ्यांनी झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल अशी सेटिंग करून घ्यावी. दुसरी उणीव अशी की कंट्रोलर जळाला, तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांना फ्लॅश चिप काढूनही त्यातून काही वाचता येत नाही. त्यामुळे एन्क्रिप्शन लावण्याआधी बॅकअपची व्यवस्था झालीच पाहिजे, आणि तो बॅकअपही एन्क्रिप्ट केलेला असला पाहिजे. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे ड्राइव्ह अडकल्यास तो उघडण्याचा क्रमांक, कागदावर छापून कार्यालयाच्या प्रमुखांच्या ताब्यात द्यावी. ती त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर साठवलेली मी पाहिली आहे आणि वेळ आली तेव्हा तिचा काहीही उपयोग होणार नव्हता.

पुढील काळात ही मागणी कायद्यामुळेही वाढेल असे दिसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचे नाव घेतलेले आहे आणि प्रमुख जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. करसल्लागार आणि प्रयोगशाळा यांनी ही मुदत संपण्याची वाट न पाहता पुढच्या खरेदीपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवते.

खरेदीविषयी माझे मत असे आहे. साटा जोडणी असलेल्या जुन्या यंत्रासाठी ८७० ईव्हो घ्यावा, विंडोज प्रो असेल तर त्यावर सॉफ्टवेअर बिटलॉकर पिनसह लावावा, आणि ड्राइव्हचे स्वतःचे एन्क्रिप्शन विकताना किंवा वापर बदलताना पुसण्यासाठी उपयोगात आणावे. नव्या यंत्रात एनव्हीएमईची जागा असेल तर ९९० प्रोमध्ये हीच सर्व वैशिष्ट्ये आहेत. स्वस्त ड्राइव्ह घ्यायचाच असेल, तर बिल करण्याआधी त्या नेमक्या मॉडेलची डेटाशीट उघडून ओपल २.० लिहिलेले आहे का ते पाहावे. एकाच कंपनीच्या शेजारशेजारच्या दोन मॉडेलांत एकाला ते असते आणि दुसऱ्याला नसते.