दहा दिवसांचा पास आणि आमचे १,५१,००० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, नंतर सांगायला जीभ रेटणार नाही. स्वित्झर्लंडच्या सहलीसाठी एका एजंटला दिलेले आणि बुडालेले १,५१,००० रुपये. त्यात दोघांचे रेल्वे पास ६९,०००, डोंगरावरच्या तीन रात्री ५८,४००, गाड्या आणि सामान पोहोचवणे १८,६००, आणि 'प्लॅनिंग फी' ५,०००. ही फी त्याने कशाचं प्लॅनिंग करायची घेतली ते आता कळतंय.

मी काही पहिल्यांदा घराबाहेर पडलेला माणूस नाही. बावीस वर्षं एका कंपनीत अकाउंट्स सांभाळतोय, लोकांची बिलं तपासतोय. सह्याद्रीतले नव्वदेक किल्ले पायी केलेत. हे सांगतोय कारण 'असे कसे हो फसलात?' हा प्रश्न आतापर्यंत निदान चाळीस जणांनी विचारलाय.

बायको शिक्षिका. सुट्टी मे महिन्यातच आणि शाळा १६ जूनला उघडणार. स्वित्झर्लंडला आपली माणसं मेमध्येच जातात, मग आपण का नाही, असा माझा हिशोब. पण ती माणसं टूरच्या बसमधून उतरतात, युंगफ्राउयोखला रेल्वेने वर जातात, बर्फात फोटो काढतात आणि खाली येतात. आम्हाला चालायचं होतं. श्यिनिगे प्लाटेहून फाउलहॉर्नवरून ग्रिंडेलवाल्डच्या फर्स्ट नावाच्या ठिकाणापर्यंत, साधारण सोळा किलोमीटर, वाटेत बाखाल्पसे तळं. ही वाट मेअखेर बर्फाखाली असते. वर नेणारी दातेरी रेल्वे जूनमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरमध्ये बंद. हे मला आज पाठ आहे. फेब्रुवारीत नव्हतं.

त्या एजंटचा नंबर ट्रेकिंगच्या ग्रुपवर मिळाला. ज्यांनी दिला त्यांनी त्याच्याकडून फक्त व्हिसाचा फॉर्म भरून घेतला होता, हे त्यांनी आम्ही बुडाल्यावर सांगितलं. फोनवर आवाज मऊ, प्रत्येक वाक्यात 'सर'. आणि एक्सेल शीट काय सुंदर! कुठल्या स्टेशनवर किती मिनिटांत गाडी बदलायची, विल्डर्सविलहून वरची रेल्वे किती वाजता, फर्स्टहून शेवटचा पाळणा (केबलकार) किती वाजता, सगळं रंगवून. ते बघूनच मी पाघळलो. वेळा खऱ्याच होत्या हो. फक्त त्या जुलैच्या होत्या आणि वर तारखा आमच्या, २८ मे ते ६ जून. तिथे बरेच पाळणे आणि डोंगररेल्वे वसंतात आणि नोव्हेंबरात देखभालीसाठी कित्येक आठवडे बंद असतात. ज्या पाळण्याने जायचंय त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चालू-बंदच्या तारखा असतात. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही, कारण समोर एक्सेल होतं.

आता पैसे. परदेशी टूर पॅकेजवर तेव्हा ५ टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा आयकर, लागायचा. तो म्हणाला, "सर, कंपनीच्या खात्यात टाकलेत तर ७,५५० जास्त जातील. माझ्या मिसेसच्या खात्यात टाका, मी आत ॲडजस्ट करतो." यूपीआयला नाव आलं ते भलत्याच बाईचं, आडनावसुद्धा वेगळं. विचारलं, तर म्हणे माहेरचं नाव आहे. ११ फेब्रुवारीला ९०,००० आणि १२ ला ६१,००० पाठवले. टीसीएस बुडत नाही, आयकराच्या २६एएस या विवरणात दिसतो, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. हे मी ऑफिसात दर वर्षी दहा जणांना समजावतो. जे साडेसात हजार परत मिळणारच होते ते वाचवायला मी दीड लाख दिले. खात्यावरचं नाव आणि पावतीवरचं नाव एक नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, मग ते माहेरचं असो की सासरचं.

तरीही तेव्हा थांबता आलं असतं. एप्रिलमध्ये पासांची पीडीएफ आली. रात्री जेवणं झाल्यावर बायकोने फोन हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "अहो, दहा दिवसांचा पास असतो का? मी साइटवर बघितलं तर तीन, चार, सहा, आठ आणि पंधरा एवढेच आहेत." मी त्याला विचारलं. तो हसला. "मॅडम हुशार आहेत हां. आमचा बल्क कोटा आहे, सहा आणि चार जोडून देतात." आणि मी बायकोला म्हटलं, "तुला यातलं काय कळतंय?" हे वाक्य मला रोज ऐकू येतं. ती बोलून दाखवत नाही, तेच जास्त लागतं.

झुरिच विमानतळावरून बर्नच्या गाडीत बसलो. तिथे स्टेशनवर फाटक नाही, तिकीट गाडीत तपासतात. तपासनीस बाईंनी माझ्या पासवर यंत्र धरलं, मग पुन्हा धरलं, मग पडदा माझ्याकडे वळवला. लाल. बायकोचा पास, तोही लाल. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. नावं वेगळी, जन्मतारखा वेगळ्या, क्यूआर कोड एकच. तोच कोपऱ्यातला चौकोन, तेच ठिपके. बावीस वर्षं मी डुप्लिकेट बिलं पकडतोय!

बाई सभ्य होत्या. प्रत्येकी १०० फ्रँकची पावती फाडली. डब्यातली माणसं खिडकीबाहेर बघत बसली, मीही बघितलं. पुढे हाफ फेअर कार्ड आणि सुटी तिकिटं मिळून ६१,४८० गेले. वरच्या मुक्कामाला ईमेल केला तर दोन ओळींचं उत्तर: तुमच्या नावाचं बुकिंग नाही, आम्ही जूनच्या शेवटी उघडतो. विल्डर्सविलला जाऊन वरच्या रेल्वेचा बंद फलाट बघून आलो, उगाच. मग लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबर्ग ही सपाट वाट तीनदा चाललो. बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे मात्र दणकून पडत होते, तेवढं मान्य करतो.

तिकडून १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला, लागलाच नाही. सायबर तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पोर्टल विचारतं, घटना कुठे घडली? काय लिहू, झुरिच की ठाणे? परत आल्यावर बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना? मग आमच्याकडे काही नाही." पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं, खोटा पास बनवून विकणं हा वाद कसा, हे सरळ ४२० आहे. तर हवालदार म्हणतो, "काका, ४२० गेलं, आता ३१८ आलं." बरं, ३१८ लावा! त्यावर म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे जा. झिरो एफआयआर म्हणून काही असतं, हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, असं मी बोललो, तेव्हापासून तिथे मला 'झिरोवाले काका' म्हणतात. चौथ्या खेपेला तक्रार घेतली, त्यात ठाणे शहराच्या जागी झुरिचमध्ये राहणारे असं लिहिलं, ती दुरुस्त करायला पाचवी खेप. त्या बाईंच्या खात्यात गोठवायला उरले होते २,३१० रुपये. तेही कोर्टाचा आदेश आणल्याशिवाय मिळणार नाहीत, असं मला सांगितलं.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला १९३० लावा. परदेशात असाल तर घरच्यांना लावायला सांगा. मी फेब्रुवारीत दिलेल्या पैशाची बोंब मेअखेरीस मारत होतो. पास स्वतः काढा, रेल्वेच्या साइटवर, नाव आणि जन्मतारीख टाकून, दहा मिनिटं लागतात. कोटा-बिटा काही नसतो. मुक्कामाच्या जागेला पैसे देण्याआधी स्वतः ईमेल करून माझं नाव आहे का विचारा. उत्तर देतात ते. आणि चालायचं असेल तर जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सुट्टी मेमध्येच असेल तर खोऱ्यात फिरा, पण वरच्या वाटांचे पैसे कोणाला देऊ नका.

त्याचा जुना नंबर बंद आहे. परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तेच रंगवलेलं एक्सेल दिसलं, नाव वेगळं, 'दिवाळी बॅच'. दिवाळीला तिथे पाळणे बंद व्हायला लागलेले असतात. मी खाली लिहिलं, तर ॲडमिनने मलाच काढून टाकलं, म्हणे ग्रुपमध्ये वाद नको. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, बुधवारी या, बँक स्टेटमेंटच्या तीन प्रती आणा, प्रत्येक पानावर सही. आधी दोन प्रती दिल्यात. त्या सापडत नाहीयेत म्हणे.