सात महिने वाचली, दुसऱ्या भागात सोडली: लिऊ त्सिशिन यांची त्रयी

गेल्या पावसाळ्यात चिनी विज्ञानकथालेखक लिऊ त्सिशिन यांच्या त्रयीचा पहिला भाग, ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, हातात घेतला. केन लिऊ यांचा २०१४ चा इंग्रजी अनुवाद. २०१५ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळवणारी ही पहिलीच अनुवादित कादंबरी. सुरुवातीची प्रकरणं एका बैठकीत संपली. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीतलं १९६७ साल, भर सभेत चार पोरी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला मरेस्तोवर मारतात आणि त्याची मुलगी ये वेनच्ये खाली गर्दीत उभी राहून बघते. पुढे परग्रहावरून ‘उत्तर देऊ नका’ असा इशारा येऊनही ती उत्तर पाठवते. का पाठवते, ते लेखकाला समजावून सांगावं लागत नाही. ती सभा आपणही पाहिलेली असते.

मग येतो वांग म्याओ हा शास्त्रज्ञ. त्याने काढलेल्या फोटोंवर उलटी मोजणी उमटते. बायकोने काढलेल्या फोटोंवर काहीच नाही. घरात केवढा हलकल्लोळ व्हायला हवा! पण एवढं काम झालं की बायको आणि मुलगा गोष्टीतून जवळजवळ गायबच होतात. मी कितीतरी पानं त्यांची वाट पाहिली.

तरी नेटाने वाचत राहिले, कारण कल्पना अफाट आहेत. तीन कोटी सैनिक काळी-पांढरी निशाणं वर करत एक संगणक होतात, ते प्रकरण मी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

दुसऱ्या भागाने, ‘द डार्क फॉरेस्ट’ने, मात्र मन मोडलं. परग्रहवासी पृथ्वीवरचं सगळं पाहू-ऐकू शकतात, फक्त माणसाच्या मनात शिरू शकत नाहीत. म्हणून चार जणांवर आपली योजना मनातच ठेवण्याची जबाबदारी येते. मन हीच शेवटची सुरक्षित जागा! कादंबरीकाराला याहून मोठी संधी कुठली? आणि त्यांतला ल्वो ची करतो काय, तर स्वप्नातल्या बाईचं वर्णन सांगून ती शोधून आणायला लावतो. ती येतेही. सुंदर, निरागस, चित्र काढणारी. त्या च्वांग यानला स्वतःला काय हवंय? आपल्याला असं शोधून आणलंय, याचं तिला काय वाटतं? पानामागून पानं उलटली, हाती काही लागलं नाही. तिथे पुस्तक मिटलं. नंतर दोनदा उघडलं, दोन्ही वेळा त्या दोघांपाशीच अडले.

विज्ञानातल्या कोड्यांसाठी वाचणाऱ्यांनी जरूर घ्यावं, पैसे वाया जाणार नाहीत. मला माणसं लागतात. तिसरा भाग आणला नाही. ये वेनच्येची प्रकरणं तेवढी गेल्या आठवड्यात पुन्हा वाचली.